ब्लेझर काढला आणि अख्खा सेट बदलला: भर उन्हातल्या स्ट्रोलिंग मॅजिकचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका क्लोज-अप जादूगार मुलीचं आहे (क्लोज-अप म्हणजे लोकांच्या अगदी जवळ उभं राहून हातातल्या छोट्या वस्तूंवर करायची जादू). तिला विचारून लिहितोय, पण नाव, ठिकाण, आयोजक यातलं काही देणार नाही. बरीच वर्षं ती एसी हॉलमध्ये टेबलाटेबलावर जाऊन प्रयोग करते, हात एकदम साफ, पत्त्यांवर पकड अशी की बघत बसावं. तिला एका मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमाचं काम आलं. दोन दिवस, दोन्ही दिवस दुपारी २ ते ५, स्टेज नाही, टेबल नाही, गर्दीतून फिरत राहायचं आणि पाच-सात जणांचा घोळका दिसला की त्यांच्यासमोर पाच मिनिटांचा सेट करून पुढे सरकायचं. पारा ३९ च्या आसपास, हवा दमट, आणि सावली म्हणजे मैदानाच्या कडेची झाडं आणि आयोजकांचा एक तंबू, बस्स. करारात पोशाखाबद्दल 'फॉर्मल' एवढा एकच शब्द होता.

तिने नेहमीचाच पोशाख घातला. काळा ब्लेझर, आत पांढरा शर्ट, काळी पँट. ब्लेझर तिच्यासाठी नुसता दिसण्याचा भाग नव्हता, आणि या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा मला हाच वाटतो. बायकांच्या पँटचे खिसे किती उथळ असतात ते माहितीच आहे, त्यामुळे तिने वर्षानुवर्षं सगळं सामान ब्लेझरमध्ये बसवलं होतं: आतल्या खिशात पाकीट, ज्यातून सही केलेला पत्ता निघतो, उजव्या खिशात कॅट, डाव्या खिशात स्पंज बॉल आणि नाणी, वरच्या खिशात मार्कर आणि रुमाल. हात कुठे जाणार, कधी जाणार, कुठल्या वाक्याला जाणार, सगळं त्या ब्लेझरच्या शिवणीनुसार ठरलेलं.

पहिल्या दिवशी काय झालं

पहिली वीस मिनिटं छान गेली. मग पत्ते फुगायला लागले. पत्ता म्हणजे कागदाचे दोन थर मध्ये गोंद घालून चिकटवलेले असतात, वर कोटिंग असलं तरी कडेने आणि वापरून घासलेल्या पृष्ठभागातून तो ओल पितोच, आणि घामेजल्या हाताने सतत हाताळला की एका बाजूने जास्त पितो म्हणून वाकतो. साधारण पाऊण तासात पत्त्यांचा पंखा एकसारखा उघडेना, चार-पाच पत्त्यांचे गठ्ठे एकत्र यायला लागले आणि दोन पत्ते एक म्हणून उचलायच्या जागी तीन उचलले जायला लागले. ती कसलेली आहे म्हणून निभावून नेलं, लोकांना कळलं नाही, पण प्रत्येक वेळी डोकं त्यातच अडकून राहिलं आणि लोकांशी बोलणं कमी झालं.

त्यात पाहुण्यांचे हात. लोकांच्या हातात थंड पेयांचे ग्लास, ग्लासाला बाहेरून पाणी सुटलेलं, बोटं ओली, शिवाय बहुतेकांनी सनस्क्रीन चोपडलेलं. असा हात कॅटमधून एक पत्ता ओढतो तेव्हा त्या पत्त्यावर तेलकट अंगठा कायमचा उमटतो आणि तो पत्ता पुढे प्रत्येक वेळी शेजारच्याला चिकटतो. सहीवालं आयटम तर दोनदा फसलं, कारण ओलसर पत्त्यावर मार्करची शाई लगेच वाळत नाही आणि सही करणाऱ्याचाच अंगठा तिच्यावरून फिरला. सनस्क्रीन तिने स्वतःही लावलं होतं, तळहातांनीच, आणि तेच हात घेऊन कॅट उघडला होता.

अंगठ्यावर बसवायचं जे छोटं गिमिक, म्हणजे प्रेक्षकांना न दिसणारं जादूचं साधन असतं (वापरणाऱ्यांना कळलं असेल) ते घामाने आतून निसरडं झालं. एका घोळक्यासमोर तिला ते सुटतंय असं जाणवलं आणि तिने आयटम मध्येच वळवून दुसरंच काहीतरी केलं. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता असं माझं मत आहे. फोनवरचं एक आयटम होतं, तर फोनने तापमानाची सूचना दाखवून स्क्रीन मंद केली. ॲपल स्वतः आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवामान सांगते, इथे तर हवाच ३९ ची होती आणि फोन काळ्या कापडाच्या खिशात अंगाला लागून.

मग खरी गंभीर गोष्ट. साधारण पावणेदोन तासांनी तिला गरगरायला लागलं, डोकं जड, किंचित मळमळ. घाम शरीर थंड करतो तो उडून गेल्यावर, लिटरभर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण दमट हवेत तो मुळात कमी उडतो आणि अस्तर लावलेल्या ब्लेझरच्या आत तर उडतच नाही, नुसता शर्टात जिरतो. पाणी तिने प्यायलं होतं, दोनच वेळा, कारण खिशात बाटलीला जागा नाही आणि घोळके संपत नाहीत. शेवटी तिने गर्दीतच ब्लेझर काढून एका खुर्चीच्या पाठीला लावला. आणि तिथे दुसराच प्रश्न उभा राहिला: सगळी जादू आता त्या खुर्चीवर लटकत होती, आतले खिसे बाहेरून दिसत होते, दोन मुलं त्यात हात घालायच्या बेतात होती, आणि तिच्या अंगावर होता घामाने चिकटलेला पांढरा शर्ट ज्याला एकही कामाचा खिसा नाही. तंबूत जाऊन बसली, अर्धा तास थंड पाणी, मानेवर ओला रुमाल, आणि उरलेला वेळ एका दोरीवर आणि दोन रबरबँडवर काढला. गंमत म्हणजे तो शेवटचा भाग लोकांना सगळ्यात आवडला.

गरगरणं, मळमळ, डोकेदुखी ही थांबायची वेळ. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, माणूस गोंधळला, शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात समजायचा, तिथे क्षणही न घालवता अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत अंग गार करत राहायचं. प्रयोग अर्धा राहिला तर राहू दे.

त्या रात्रीचे पर्याय

रात्री तिचा फोन आला, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच मैदान होतं. आम्ही तासभर बोललो. पहिल्यांदा मी तिला एवढंच सांगितलं की तुला अजूनही बरं वाटत नसेल तर उद्या जाऊ नकोस, बदली माणूस शोधू. तिला बरं वाटत होतं, मग पुढचं बोलणं झालं.

पहिला पर्याय तिचाच: ब्लेझर तोच, फक्त ब्रेक जास्त. मी याच्या पूर्ण विरोधात होतो. ब्रेक घेऊन अंग थंड होईल, पण पत्ते, गिमिक, फोन यातलं काहीच सुधारत नाही, आणि दर ब्रेकनंतर तोच ओला कपडा पुन्हा चढवायचा.

दुसरा, झाडाखाली एक टेबल मागून घ्यायचं आणि लोकांनी तिच्याकडे यायचं. तब्येतीच्या दृष्टीने हा सगळ्यात चांगला होता. तिने को-ऑर्डिनेटरला मेसेज केला, उत्तर आलं की माणसं मैदानभर विखुरलेली आहेत, फिरणंच हवंय. मात्र त्याच मेसेजमध्ये तिने विचारलं की ब्लेझरशिवाय, नीटनेटकं वेस्टकोट चालेल का, तर लगेच 'हो' आलं. म्हणजे 'फॉर्मल' या शब्दाचा अर्थ आयोजकाने कधी एवढा ताणलाच नव्हता, तो तिनेच धरून ठेवला होता. हा मेसेज कामाच्या आठवडाभर आधी गेला असता तर पहिला दिवस वेगळा गेला असता.

तिसरा, शर्ट आणि खांद्याला बॅग. बॅगेत सगळं मावतं, बाटलीही मावते. पण बॅगेत हात घालणं लोकांना दिसतं, आणि खिशात हात जाणं जेवढं सहज वाटतं तेवढं बॅगेत जाणं वाटत नाही. शिवाय पट्ट्याखाली घामाचा ओला पट्टा उमटतो. कंबरेच्या पाऊचचाही विचार झाला, तो समोर बांधला तर पोटाला ऊब देतो आणि मागे बांधला तर भर गर्दीत त्यावर नजर राहत नाही. माझं मत पाऊचच्या बाजूने होतं, कमरेच्या उजव्या अंगाला. तिला तो लूक पटला नाही, आणि अंगावर तिला घालायचं असल्यामुळे मी फार ताणलं नाही.

चौथा पर्याय आम्ही घेतला: पाठ कापलेलं वेस्टकोट, अंगावर फक्त अर्ध्या तासाचं सामान, आणि बाकी सगळं सावलीतल्या एका डब्यात.

कपड्यांचं काय केलं

तिच्याकडे एक जुनं राखाडी वेस्टकोट होतं. वेस्टकोटचं पुढचं अंग जाड असतं, कापड, आत कडक थर, मग अस्तर, त्यामुळे खिशात काय आहे ते बाहेरून दिसत नाही आणि कॅट ठेवला तरी आकार उमटत नाही. पाठीला मात्र नुसतं सॅटिन आणि अस्तर, आणि तिथेच सगळी उष्णता कोंडते. तिने शिवण उसवून पाठीचे दोन्ही थर काढले आणि त्या जागी कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीतली जाळी कापून हाताने शिवली, टाके मोठे मोठे घातले, कारण एकाच दिवसापुरतं होतं. आतून डाव्या बाजूला जुन्या पँटच्या खिशाचं कापड लावून एक उभा खिसा केला, पत्त्याच्या मापाचा. पोकर साइझचा पत्ता साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटर असतो, खिसा तिने त्याहून बोटभर रुंद ठेवला, कारण घामट हाताने घट्ट खिशातून कॅट काढताना वरचे दोन-तीन पत्ते मागेच राहतात.

आत घालायला तिने पांढरा लिननचा शर्ट काढला होता. लिनन हवेशीर, प्रश्नच नाही. पण मी तिला सांगितलं की खिशात नाणी टाक आणि शर्ट दिव्यासमोर धर. आरपार दिसत होतं. ऊन मागून आलं की पातळ पांढरं कापड काहीच लपवत नाही, आणि घामाने ओलं झालं की तर अंगाला चिकटून आतल्या वस्तूची कडा न कडा दाखवतं. फिकट राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचे डाग सगळ्यात जास्त उठतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं. शेवटी बारीक छपाईचा, सैल, पूर्ण सुती शर्ट ठरला, त्या नक्षीत डागही हरवतात आणि खिशाचा आकारही. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, म्हणजे 'बाहीत लपवलं असेल' हा संशय आपोआप गेला. डोक्याला रुंद काठाची हलकी टोपी. गॉगल नाही, कारण डोळ्यात बघून बोलता आलं नाही तर क्लोज-अपमधला अर्धा जीव जातो.

सामानाचं काय केलं

तिने रात्री पहिल्या दिवसाचं खिशातलं सगळं सामान वजनकाट्यावर ठेवलं, दीड किलोच्या वर भरलं. त्यात नुसत्या नाण्यांचंच वजन बरंच. ती अमेरिकन हाफ डॉलर वापरते, एक नाणं ११.३४ ग्रॅमचं, आणि तिच्याकडे आयटमपेक्षा दुप्पट नाणी होती, सवयीने. चार ठेवली, बाकी घरी.

मग आयटम छाटले. पाकिटातला सही केलेला पत्ता गेला, त्याला ब्लेझरचा आतला खिसाच लागतो आणि त्याची ओढूनताणून वेस्टकोटमध्ये नक्कल करणं मला धोक्याचं वाटलं. गिमिकवालं आयटम गेलं, फोनवालं गेलं. फ्लॅश पेपर, म्हणजे पेटवला की भपकन जळून नाहीसा होणारा कागद, तिच्या एका जुन्या सेटमध्ये होता, तो मी तिला बॅगेतही ठेवू दिला नाही. तो नायट्रोसेल्युलोज असतो, चटकन पेट घेतो, आणि असल्या उन्हात अंगावर किंवा बंद गरम डब्यात तो नकोच. राहिलं काय: कॅटवरची दोन आयटम, ज्यात पत्ता पाहुण्याच्या हातात फार वेळ राहत नाही, चार नाणी, दोरी, रबरबँड, स्पंज बॉल. दोरी सुती, तिला घामाने काही होत नाही, आणि लांबूनही दिसते. स्पंज बॉल ओले झाले की दाबायला जड जातात आणि मळतात लवकर, म्हणून तीन जोड्या, प्रत्येक झिपवाल्या छोट्या पिशवीत वेगळी.

पत्त्यांसाठी तिचा विचार होता की कॅट आइस बॉक्समध्ये ठेवावेत म्हणजे थंड राहतील. इथे मी जोरात नाही म्हटलं. थंड कॅट दमट गरम हवेत बाहेर काढला की ग्लासावर जमतं तसं पाणी त्याच्यावर जमतं, म्हणजे ज्याच्यापासून पळतोय तेच हाताने ओढवून घ्यायचं. कॅट कोरडे हवेत, थंड नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून सहा कॅट ठेवले, सगळे एकाच मागच्या डिझाइनचे, दर अर्ध्या तासाला एक बदलायचा. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते हा अजून एक मार्ग होता, ते ओल पीत नाहीत, धुताही येतात, पण ते जास्त घसरतात आणि लवचिकपणा वेगळा, रात्रीत हात बसत नाही. ज्यांना उन्हातलं काम नेहमी करायचंय त्यांनी महिनाभर त्यांच्यावर सराव करून बघावा असं मी नक्की म्हणेन.

हातांसाठी साधा उपाय: साबणाने धुणं आणि मायक्रोफायबरचा टॉवेल. सॅनिटायझरने दोन मिनिटं हात कोरडे होतात पण मग इतके कोरडे की नाणं तळव्यात टिकत नाही. सनस्क्रीन स्टिकवालं, म्हणजे तळव्याला लागतच नाही.

दुसरा दिवस

तंबूच्या सावलीच्या बाजूला डबा, तिथल्या एका कार्यकर्त्याला सांगून ठेवलेला. दर अर्ध्या तासाला फोनवर अलार्म, डब्याकडे परत: हात धुणं, कॅट बदलणं, बसणं. पाणी मात्र अर्ध्या तासावर सोडलं नाही. उन्हात काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला दर १५ ते २० मिनिटांनी कपभर, साधारण २४० मिलिलिटर पाण्याचा आहे, म्हणून मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पाण्याच्या काउंटरवर तिने एक थांबा ठरवून घेतला. फिरण्याचा रस्ताच तसा आखला, तंबू ते काउंटर आणि परत.

उभं राहण्याची जागा तिने बदलली. उन्हाकडे तोंड करून ती उभी राहायची, म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यात ऊन नाही आणि त्यांची सावली तिच्या हातांवर. टोपीमुळे तिलाही ते सोसलं.

निकाल सांगायचा तर तीनही तास ती टिकून राहिली, गरगरलं नाही, एकही आयटम मध्ये सोडावं लागलं नाही. कॅट अर्ध्या तासाच्या शेवटी थोडे जड व्हायचे पण गठ्ठे झाले नाहीत. जाळीची पाठ कुणी विचारलीसुद्धा नाही. सेट लहान झाल्यामुळे ती लोकांशी जास्त बोलत होती, आणि एक आजी दोरीचं टोक धरून तिच्याबरोबर पुढच्या घोळक्यापर्यंत चालत आल्या.

सगळं जमलं असंही नाही. वेस्टकोटचे खालचे खिसे उथळ, ती एका लहान मुलासमोर वाकली आणि दोन नाणी खाली पडली. रबरबँड डब्याच्या झाकणाच्या खिशात होते, सावली सरकली तसं त्या बाजूला ऊन आलं आणि तापून दोन तुटले. आणि शेवटचा अर्धा तास तिने अलार्म बंद करून टाकला, गर्दी ऐन रंगात होती म्हणून. तेवढ्याने काही बिघडलं नाही, पण तो निर्णय मला आवडलेला नाही, आदल्या दिवशी तर याच्याही आधीच गरगरलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी सवय. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, नायोश तर उन्हातल्या नव्या कामगाराला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच द्या म्हणते. एसी हॉलमधून थेट तीन तासांच्या उन्हात येणं हीच मुळात मोठी उडी होती. आधीच्या आठवड्यात रोज थोडा वेळ, त्याच कपड्यात, हातात कॅट घेऊन दुपारी बाहेर फिरली असती तर पत्ते किती मिनिटांत फुगतात हेही तिला घरीच कळलं असतं.

दुसरं, जोडीदार. तीन तासांच्या कामात दोघांनी अर्धा अर्धा तास आलटून पालटून केलं तर आयोजकाला सलग जादू मिळते आणि कुणीच शिजत नाही. आयोजक नेहमीच तयार होतील असं नाही, पण विचारायला हवं.

पाऊचबद्दल मी अजूनही माझ्या मतावर आहे, नाणी पडली ती त्यामुळे पडली नसती. तिचं म्हणणं आहे की खिसे खोल करून घेतले की काम होतं, आणि आता तिने टेलरकडून नवीन वेस्टकोट शिवून घेतलंय: खालचे खिसे चार बोटं जास्त खोल, तोंडाला आतून एक पट्टी, पाठीला मुळातूनच जाळी, आणि पँटचे खिसेही वाढवलेले. कराराच्या मसुद्यात तिने तीन ओळी वाढवल्यात: ब्लेझर नसेल, दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं सावलीत, आणि सामानाच्या डब्यासाठी नजर राहील अशी जागा.